चिपमधल्या छोट्या रेग्युलेटरला क्लॉकशी कसं जुळवायचं: स्प्रेडशीटपासून ब्रेडबोर्डपर्यंत

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये ड्राइव्ह, रिले, स्विचगिअर यांच्यावर काम करणाऱ्याला बक कन्व्हर्टर (स्विच चालू-बंद करून व्होल्टेज कमी करणारं सर्किट) नवा नसतो. पण तोच कन्व्हर्टर प्रोसेसरच्या आत गेला की बरंच काही बदलतं. २०१३ मध्ये इंटेलने हॅसवेल प्रोसेसरमध्ये व्होल्टेज रेग्युलेटर आत घेतला, तेव्हा तो १४० मेगाहर्ट्झवर स्विच होत होता आणि इंडक्टर पॅकेजच्या तांब्याच्या थरांतच काढलेले होते, फेराइटच्या गाभ्याशिवाय. इतक्या वेगावर एका गेटचा विलंबसुद्धा हिशेबात धरावा लागतो.

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधून शेवटच्या वर्षाला व्हीएलएसआयचे (चिप डिझाइनचे) प्रकल्प घेणारे विद्यार्थी बहुतेकदा एकतर पीएलएल (क्लॉक तयार करून संदर्भाशी जुळवणारं सर्किट) करतात किंवा कन्व्हर्टर करतात. दोन्हींच्या मधली जागा रिकामी राहते: वेगवान, स्वतःच्या मर्जीने स्विच होणाऱ्या रेग्युलेटरला बाहेरच्या क्लॉकशी डिजिटल सर्किटने जुळवणं. हा लेख त्या जागेबद्दल आहे. महागडं सॉफ्टवेअर लागणार नाही. सुरुवात स्प्रेडशीटवर, मग आयकारस व्हेरिलॉग (डिजिटल भागासाठी) आणि एनजीस्पाइस (ॲनालॉग भागासाठी) हे मोफत सिम्युलेटर, शेवटी जमलं तर एफपीजीए (हवं ते डिजिटल सर्किट भरता येणारी चिप) आणि ब्रेडबोर्ड.

मुळात क्लॉक हवा कशाला

चिपवर जागा वाचवायची तर हिस्टेरेटिक कन्व्हर्टर सोयीचा पडतो. कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारं सर्किट), आरसी जाळं (रोध आणि कपॅसिटर) आणि दोन स्विच एवढ्यावर तो चालतो. फीडबॅकचा व्होल्टेज खालच्या मर्यादेला आला की वरचा स्विच चालू, वरच्या मर्यादेला गेला की बंद. एरर अँप्लिफायर नाही, कॉम्पेन्सेशन नाही आणि पुढच्या क्लॉकची वाटही बघावी लागत नाही. लोड बदलला की तो लगेच हलतो.

याची किंमत म्हणजे फ्रिक्वेन्सी. ती इनपुट, आउटपुट, तापमान, प्रोसेस या सगळ्यांबरोबर सरकते. एकच फेज (म्हणजे स्विच आणि इंडक्टरची एकच शाखा) असेल आणि शेजारी नाजूक एडीसी किंवा रेडिओ नसेल, तर माझ्या मते सिंक्रोनायझेशनच्या भानगडीत पडूच नका. चार फेज असतील तर मात्र पर्याय नाही. चौघे आपापल्या चालीने चालले तर त्यांचे रिपल (दर चक्रातले चढउतार) कधी एकमेकांना खोडतात, कधी एकमेकांवर चढतात.

कसमादे पट्ट्यात मोसम-आरमच्या काठच्या फड पद्धतीत पाटाचं पाणी पाळीने फिरतं. एकाचं भरणं संपत आलं की दुसऱ्याचं बारं उघडतं आणि पाट सारखा वाहता राहतो. चार फेजचं तसंच आहे, आणि क्लॉक इथे पाटकरी. त्याने पाळी राखावी, भरण्यात हात घालू नये. डिझाइनमध्ये याचा अर्थ असा: व्होल्टेज सांभाळणारा लूप वेगवान आणि स्वतंत्र राहिला पाहिजे, जुळवणारा लूप त्याच्याहून निदान दहापट मंद असला पाहिजे आणि अडचणीच्या क्षणी त्याने गप्प बसलं पाहिजे. पुढचा प्रत्येक निर्णय यावरूनच घ्यायचा आहे.

आधी आकडे, मग सर्किट

एक उदाहरण धरून चालू. इनपुट १.८ व्होल्ट, आउटपुट ०.९ व्होल्ट, म्हणजे ड्युटी (चक्रातला वरचा स्विच चालू असण्याचा हिस्सा) ०.५. फ्रिक्वेन्सी १०० मेगाहर्ट्झ, प्रत्येक फेजला १० नॅनोहेन्री, आउटपुटला २० नॅनोफॅरड.

एका फेजचा प्रवाहातला रिपल ०.९ × ०.५ ÷ (१० नॅनोहेन्री × १०० मेगाहर्ट्झ), म्हणजे ०.४५ अँपिअर. एकाच फेजवर आउटपुटचा रिपल साधारण २८ मिलिव्होल्ट येतो. चार फेज बरोबर ९० अंशांवर असतील तर ड्युटी ०.५ ला बेरीज तत्त्वतः शून्य होते. हे उत्तर फसवं आहे, कारण ०.५ ही चार फेजसाठी नेमकी सोयीची जागा आहे. ०.४ ड्युटीवर करून बघा: एका फेजचा रिपल ०.४३२ अँपिअर, चौघांची बेरीज त्याच्या चौथा हिस्सा, म्हणजे ०.१०८ अँपिअर. प्रकल्पाच्या अहवालात फक्त ०.५ चा आलेख दाखवलेला असला की परीक्षकाने नेमका हाच प्रश्न विचारावा.

एखाद्या फेजची वेळ ५ अंशांनी (एक चक्र म्हणजे ३६० अंश) चुकली तर त्याच्या मूळ फ्रिक्वेन्सीच्या रिपलपैकी जवळपास ९ टक्के खोडला न जाता उरतो. १०० मेगाहर्ट्झवर ५ अंश म्हणजे १३९ पिकोसेकंद. आपल्याला कितपत अचूक व्हायचंय, ते या आकड्यावरून ठरतं.

आता मुख्य सूत्र. स्विचच्या टोकावरून आरसी जाळ्यातून त्रिकोणी रॅम्प घेतला, कंपॅरेटरची खिडकी (वरच्या आणि खालच्या मर्यादेतलं अंतर) ठरलेली आणि कंपॅरेटरपासून स्विचपर्यंतचा एकूण विलंब माहीत, तर:

आवर्तनकाळ = (आरसी × खिडकी ÷ इनपुट + विलंब) ÷ (ड्युटी × (१ − ड्युटी))

आरसी ६० नॅनोसेकंद घ्या (६० किलोओहम आणि १ पिकोफॅरड), खिडकी ३० मिलिव्होल्ट. कंसातलं पहिलं पद १ नॅनोसेकंद येतं. विलंब १.५ नॅनोसेकंद असेल तर बेरीज २.५, भागिले ०.२५, म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद.

यातला विलंब चारपट होऊन बाहेर पडतो, हे ध्यानात ठेवा. डिले लाइनची (पायऱ्यांनी विलंब घालणाऱ्या साखळीची) एक पायरी २५ पिकोसेकंदांची असेल तर आवर्तनकाळ १०० पिकोसेकंदांनी, म्हणजे १ टक्क्याने बदलतो. डिले लाइन कितपत बारीक हवी याचा अंदाज बांधताना हे चारपट विसरलं की पुढे लॉक झाल्यावर (क्लॉकशी जुळल्यावर) फेज थरथरत राहतो आणि कारण सापडत नाही.

फिरवायचं काय: विलंब की खिडकी

फ्रिक्वेन्सी बदलायला दोन हँडल आहेत. विलंब बदलणं डिजिटल माणसाला सोपं: बफरची साखळी, मल्टिप्लेक्सर, झालं. खिडकी बदलायला छोटा डीएसी (आकड्याचं व्होल्टेज करणारं सर्किट) लागतो, म्हणजे थोडं ॲनालॉग काम.

सोपा रस्ता धरण्याआधी लोड ट्रान्झिएंटचा (लोड अचानक बदलण्याचा) हिशेब करा. लोड अचानक ०.८ अँपिअरने वाढला. इंडक्टरमधला प्रवाह ०.९ व्होल्ट ÷ १० नॅनोहेन्री, म्हणजे नॅनोसेकंदाला ०.०९ अँपिअर या वेगाने चढतो. एकट्या फेजला ८.९ नॅनोसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात २० नॅनोफॅरडमधून इतका चार्ज जातो की आउटपुट सुमारे १८० मिलिव्होल्ट खाली येतो. चौघे एकदम चढले तर वेळ २.२ नॅनोसेकंद आणि खड्डा ४४ मिलिव्होल्ट. पण चढायला सुरुवात होण्यापूर्वी कंपॅरेटरचा विलंब जातोच, आणि १.५ नॅनोसेकंद म्हणजे आणखी ६० मिलिव्होल्ट. फ्रिक्वेन्सी जुळवायला तुम्ही घातलेल्या दर १०० पिकोसेकंदांमागे ४ मिलिव्होल्ट जातात.

म्हणून मी दोन्ही हँडल वापरायला सांगेन. खिडकीच्या चार-पाच ठरावीक पायऱ्या ठेवा आणि त्यांनी ढोबळ फ्रिक्वेन्सी लावा. विलंब फक्त बारीक जुळवणीसाठी, जमेल तितका कमी. फक्त विलंबावर काम भागवलेली डिझाइन्स आकाराने लहान दिसतात, पण आउटपुटचा कपॅसिटर मोठा करून तीच जागा परत द्यावी लागते. एसकेवाय१३० या चिप बनवण्याच्या खुल्या, १३० नॅनोमीटरच्या प्रोसेसमध्ये मिम कपॅसिटर (धातूच्या दोन थरांमधला) चौरस मायक्रोमीटरला सुमारे २ फेम्टोफॅरड मिळतो, म्हणजे २० नॅनोफॅरडला १० चौरस मिलिमीटर. डिले लाइनच्या दोनशे गेटची बचत त्यापुढे किरकोळ आहे.

उदाहरणासाठी स्थिर विलंब ०.९ नॅनोसेकंद आणि त्यावर ६४ पायऱ्यांची, पायरीला २५ पिकोसेकंदांची लाइन धरा. ०.९ व्होल्टला १०० मेगाहर्ट्झसाठी कोड (निवडलेल्या पायऱ्यांची संख्या) २४ येतो. आउटपुट ०.७२ केलं की कोड २०. इनपुट १.६२ वर घसरलं आणि आउटपुट ०.९ च ठेवलं तर कोड १८.३, म्हणजे दोन पायऱ्यांच्या मध्ये. आणि आउटपुट ०.४५ केलं तर? कोड शून्यावर येऊनही आवर्तनकाळ १०.१३ नॅनोसेकंद राहतो. लॉक अशक्य. इथे खिडकी एक पायरी खाली आणायची. स्प्रेडशीटमध्ये इनपुट, आउटपुट आणि खिडकी यांचे सगळे कोपरे मांडून कोड शून्य ते ६३ च्या आत राहतो का, हे व्हेरिलॉगची एक ओळ लिहिण्याआधी तपासा.

२५ पिकोसेकंदांची पायरी १३० नॅनोमीटरमध्ये नुसत्या बफरने मिळत नाही. एका बफरचा विलंबच त्याहून बराच जास्त असतो. ढोबळ पायऱ्या बफरच्या साखळीतून जागोजागी काढा आणि मधल्या बारीक पायऱ्या नोडवर छोटे लोड जोडून-तोडून. दोन ढोबळ पायऱ्यांच्या सांध्यावर कोड वाढला की विलंब कमी होतो, असं व्हायला नको. एनजीस्पाइसमध्ये सगळे ६४ कोड चालवून आलेख काढा. पायऱ्या असमान असल्या तरी लूप सांभाळून घेतो, उलट्या गेल्या तर तो तिथेच अडकतो.

पहिला टप्पा मोजणी, दुसरा टप्पा लवकर-उशीर

फेज ओळखायला एक साधा डी फ्लिप-फ्लॉप पुरतो. संदर्भ क्लॉकच्या चढत्या कडेला कन्व्हर्टरचा सिग्नल आधीच वर असेल तर तो लवकर आला, विलंब वाढवा. खाली असेल तर उशिरा आला, कमी करा. किती लवकर ते कळत नाही, फक्त दिशा कळते. या डिटेक्टरला बँग-बँग म्हणतात. मला तो आवडतो, कारण त्यात जुळवण्यासारखं काही नाही आणि प्रोसेस बदलला तरी तो तसाच राहतो.

कन्व्हर्टरचा सिग्नल थेट मात्र देऊ नका. ड्युटी ०.४ असेल तर तो फक्त ४० टक्के वेळ वर असतो आणि डिटेक्टर एका बाजूला झुकतो. कन्व्हर्टर आणि संदर्भ, दोघांनाही आधी दोनने भागा. मग दोन्ही लाटा अर्ध्या-अर्ध्या होतात आणि ड्युटीचा संबंध उरत नाही.

फ्लिप-फ्लॉप दोन असंबंधित कडांच्या मध्ये बसलाय, तेव्हा तो मेटास्टेबल (शून्य की एक हे वेळेत न ठरणारा) होणारच. लॉक झाल्यावर तर कडा मुद्दाम एकमेकींवर आणून ठेवलेल्या असतात! त्याच्या मागे आणखी दोन फ्लिप-फ्लॉप लावा आणि मगच निकाल वापरा. दोन क्लॉकचा उशीर आपल्या मंद लूपला सहज चालतो.

बँग-बँगची खरी मर्यादा वेगळी आहे. फ्रिक्वेन्सी बरीच लांब असेल तर फेज सतत घसरत राहतो आणि "लवकर, उशीर, लवकर" असा निरर्थक क्रम येतो. म्हणून आधी मोजणी. संदर्भाच्या ६४ चक्रांत कन्व्हर्टरची किती चक्रं झाली ते मोजा. कमी असतील तर कोड खाली, जास्त असतील तर वर. मोजणीचा काळ ६४० नॅनोसेकंदांचा, अचूकता सुमारे दीड टक्का. फरक एकच्या आत आला की सूत्रं बँग-बँगकडे द्या. काउंटर कन्व्हर्टरच्या कडांवर चालतो आणि वाचला जातो संदर्भाच्या बाजूने, त्यामुळे तो ग्रे कोडमध्येच (दर पायरीला एकच बिट बदलतो असा) ठेवा, नाहीतर एखाद्या वाचनात अर्धे बिट जुने आणि अर्धे नवे येतील.

लूप फिल्टर, जिथे बहुतेक जण अडकतात

विलंब बदलला की बदलतो आवर्तनकाळ, फेज नव्हे. फेज म्हणजे त्या फरकाची साठत गेलेली बेरीज. डिटेक्टरच्या निकालावर नुसता ॲक्युम्युलेटर (बेरीज साठवणारा रजिस्टर) लावला तर एकामागे एक दोन साठे होतात आणि लूप झुलत राहतो, कधी शांत होत नाही. म्हणून दोन वाटा लागतात: लगेच धक्का देणारी प्रपोर्शनल आणि सावकाश साठवणारी इंटिग्रल.

आता आपले आकडे घाला. निकाल दर ८ चक्रांनी घेतला आणि धक्का म्हणून कोड एकाने बदलून पुढची ८ चक्रं तसाच ठेवला, तर फेज ८ × १०० = ८०० पिकोसेकंद सरकतो. म्हणजे जवळपास २९ अंश. आपलं उद्दिष्ट ५ अंशांचं होतं! उपाय सोपा आहे: धक्का आठांपैकी एकाच चक्रापुरता द्या. मग फेज १०० पिकोसेकंद, म्हणजे ३.६ अंश सरकतो. याहून बारीक हवं असेल तर पायरी बारीक करावी लागेल.

इंटिग्रल वाटेसाठी ॲक्युम्युलेटर ६ पूर्ण बिट आणि ८ अपूर्णांक बिट असा १४ बिटांचा ठेवा. दर निकालाला सगळ्यात खालचा बिट एकाने वर किंवा खाली. आठ चक्रांत त्याने फेज फक्त ३ पिकोसेकंद हलतो, म्हणजे धक्का इंटिग्रलच्या ३२ पट. हे गुणोत्तर मोठं असेल तितका लूप निर्धास्त. अपूर्णांक बिट डिले लाइनला थेट देता येत नाहीत. त्यांच्यासाठी पहिल्या ऑर्डरचा सिग्मा-डेल्टा लावा. १८.३ हवा असेल तर तो दहातून सातदा १८ आणि तीनदा १९ देतो.

या मंदपणालाही किंमत आहे. एक कोड ओलांडायला २५६ निकाल, म्हणजे २० मायक्रोसेकंद. ०.९ वरून ०.७२ व्होल्टला जाताना चार कोड बदलायचे तर ८२ मायक्रोसेकंद. व्होल्टेज वारंवार बदलणाऱ्या प्रोसेसरला हे फार झालं. तेव्हा व्होल्टेज बदलण्याची आज्ञा आली की लूपला परत मोजणीच्या टप्प्यावर पाठवा, किंवा स्प्रेडशीटमधले कोड छोट्या टेबलात ठेवून थेट तिथून सुरुवात करा. मला टेबल बरं वाटतं.

आणि थांबण्याची सोय. लोड उसळला की हिस्टेरेटिक कन्व्हर्टर वरचा स्विच बराच वेळ चालू ठेवतो, कडा गायब होतात. त्या काळात डिटेक्टर जे सांगेल ते ऐकायचं नाही. दीड चक्रात नवी कड आली नाही तर ॲक्युम्युलेटर जागच्या जागी गोठवा, धक्का शून्य करा आणि कडा नियमित झाल्यावर काही चक्रांनी पुन्हा सुरू करा. हा भाग कोडच्या दहा-बारा ओळींचा आहे. तो गाळलेला असला की प्रत्येक ट्रान्झिएंटनंतर लॉक तुटताना दिसतो आणि विद्यार्थी लूप फिल्टरचे गुणांक बदलत बसतात.

हे सगळं आधी स्प्रेडशीटमध्येच चालवून बघा. एक ओळ म्हणजे एक चक्र: सूत्रातून आवर्तनकाळ, त्यातून १० नॅनोसेकंद वजा, आधीच्या फेजमध्ये मिळवा, चिन्ह घ्या, कोड बदला. काही हजार ओळी खाली ओढल्या की झुलणारा लूप आणि शांत होणारा लूप यांतला फरक आलेखात दिसतो.

बाकीचे तीन फेज

पहिला फेज लॉक झाला की त्याचाच सिग्नल २.५, ५ आणि ७.५ नॅनोसेकंद उशिरा करून उरलेल्या तिघांना देता येतो. इथे डीएलएल (डिले लाइनचा विलंब एका आवर्तनाशी जुळवणारा लूप) वापरा. विलंब बदलला की फेज थेट बदलतो, साठा एकच राहतो आणि लूप सहसा झुलत नाही. चार सारखे भाग एकापाठोपाठ, शेवटची कड बरोबर एका आवर्तनानंतर यावी अशी जुळवणी. सुरुवातीचा एकूण विलंब अर्ध्या ते दीड आवर्तनाच्या मध्ये ठेवा; त्यापलीकडे गेला तर दोन आवर्तनांवर खोटा लॉक लागतो.

लांब साखळीत चढती आणि उतरती कड सारख्या वेगाने जात नाहीत. दर बफरला ५ पिकोसेकंदांचा फरक आणि ७५ बफर, म्हणजे शेवटच्या फेजची ड्युटी पावणेचार टक्के बदलली. चार फेजच्या सरासरीपासून तो ३४ मिलिव्होल्ट दूर गेला आणि मार्गाचा रोध १०० मिलिओहम असेल तर प्रवाह सुमारे ३४० मिलिअँपिअरने. एक फेज तापतो, दुसरा आराम करतो. यावर उपाय असा की दोन्ही कडांचे वेगळे, एकाच दिशेचे छोटे पल्स करून दोन सारख्या साखळ्यांतून पाठवायचे आणि शेवटी लॅचमध्ये पुन्हा जोडायचे.

उसळीच्या वेळी पाळी मोडायची सोयही याच ठिकाणी करा: आउटपुट ठरावीक मर्यादेखाली गेलं की चारही वरचे स्विच डिले लाइनला बगल देऊन एकदम चालू. वर काढलेला ४४ मिलिव्होल्टचा आकडा यावरच अवलंबून आहे.

ब्रेडबोर्डवर हजारपट मंद

१०० मेगाहर्ट्झ घरी नीट मोजणं अवघड, पण काळ हजारपट ताणला तर तेच सर्किट १०० किलोहर्ट्झवर चालतं. नॅनोसेकंदांचे मायक्रोसेकंद होतात, लूपचं गणित तसंच राहतं. इनपुट ५ व्होल्ट, आउटपुट २.५ ठेवा, आरसी ६० मायक्रोसेकंद, खिडकी त्याच प्रमाणात ८३ मिलिव्होल्ट. इंडक्टर ३३ मायक्रोहेन्रीचा घेतला तर रिपल ०.३८ अँपिअर राहतो.

कंपॅरेटरला एलएम३११ घ्या. त्याचा विलंब २०० नॅनोसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे उरलेला विलंब एफपीजीएमध्ये घालायला जागा मिळते. एलएम३९३ स्वस्त आहे, पण त्याचा विलंब मायक्रोसेकंदापलीकडे जातो आणि सगळी मोकळीक तिथेच संपते. एलएम३११ चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, पुल-अप ३.३ व्होल्टलाच जोडा.

टँग नॅनो ९के या एफपीजीए बोर्डावर २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. त्याला तीनने गुणून दोनने भागलं की ४०.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे २४.७ नॅनोसेकंदांची पायरी. आपल्या २५ पिकोसेकंदांच्या हजारपट, जवळजवळ नेमकी. त्याच क्लॉकला ४०५ ने भागा, बरोबर १०० किलोहर्ट्झचा संदर्भ तयार. इथली डिले लाइन म्हणजे नुसता शिफ्ट रजिस्टर. आयकारसवर चाललेलं व्हेरिलॉग जवळपास तसंच उतरतं.

स्कोपचा ट्रिगर संदर्भावर लावा, दुसऱ्या चॅनेलवर स्विचचं टोक. लॉक नसताना ते वाहत असतं, लॉक लागला की उभं राहतं. मग लोडचा रोध मॉस्फेटने चालू-बंद करा आणि दर वेळी लॉक टिकतो का ते बघा.

एक चाचणी मात्र टाळू नका. चालू सर्किटमध्ये संदर्भ क्लॉक बंद करा. चिपवर ही परिस्थिती दर वेळी सुरू होताना येते, कारण संदर्भ देणारा पीएलएल बहुधा याच रेग्युलेटरच्या आउटपुटवर चालतो. तो जागा होईपर्यंत रेग्युलेटरला एकट्याने चालावं लागतं. म्हणून सुरुवातीचा कोड रिसेटमध्येच २४ ठेवा, शून्य नको. आणि डिले लाइनचा पुरवठा शक्य असेल तर रेग्युलेटरच्या इनपुटकडून, गाळून घ्या, आउटपुटवरून नको. नाहीतर रिपल विलंब हलवतो आणि विलंब रिपल. संदर्भ गेल्यावर कोड आहे तिथे थांबला, आउटपुटचा सरासरी व्होल्टेज हलला नाही आणि स्कोपवर लाट सावकाश वाहू लागली, तर सर्किट बरोबर आहे. व्होल्टेज हलला, तर सिंक्रोनायझर व्होल्टेजच्या लूपमध्ये कुठेतरी शिरला आहे. ती वायर शोधा.